हेच तुझे मायबाप

मुंबईला गेला तो चाकरमानी आणि महाडला राहिला तो गडी. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या अंगावर वसलेल्या आमच्या वाडीत असाच न्याय होता. मुंबईला जाऊन एखादा साहेबाच्या बंगल्यावर भांडी का घासत असेना, शिमग्याला दासगावच्या बंदरात उतरताना त्याच्या डोक्यावर ट्रंक असायची, तोंडात 'चलो' नि 'अच्छा' असायचं, आणि त्याची बायको पाणवठ्यावर छाती काढून सांगायची, "नोकरीला हाय तो!" माझा बाबाही भांडी घासायचा, लाकडं फोडायचा, पाणी भरायचा. पण महाडात, एका वकिलांच्या घरी. त्याच्याबद्दल कुणी विचारलं की माझी आई कळशी उचलत म्हणायची, "असतो महाडात." पुढं एक शब्द नाही.

मी शिकले, मास्तरीण झाले आणि जन्मभर पोरांना शब्दांचे अर्थ शिकवले. नोकर म्हणजे चाकर, सेवक, दास, गडी. पोरं घडाघडा म्हणायची. कीर्तनात बुवा 'मी देवाचा दास' म्हणाला की लोक त्याच्या पाया पडतात आणि माणसाची चाकरी करणाऱ्याला पडवीत बसवतात, हे मात्र त्यांना मी कधी सांगितलं नाही. सगळे शब्द एकाच अर्थाचे म्हणे! कप्पाळ माझं. ज्याला ते चिकटतात त्याला जाऊन विचारा.

वकिलांच्या घरात 'नोकर' हा शब्द कुणी उच्चारत नसे. खोटं कशाला बोलू, माणसं वाईट नव्हती. पाहुण्यांपैकी कुणी "तुमचा नोकर कुठं गेला हो?" असं म्हटलं तर वकिलीणबाई लगेच म्हणायच्या, "नोकर नका म्हणू हो त्याला, तो अगदी घरचाच आहे." मी लहान असताना बाबा मला एकदा-दोनदा तिकडं घेऊन गेला होता, तेव्हा मी स्वतः ऐकलंय. ऐकून मला काय आनंद झाला! मग जेवायची वेळ झाली. घरची माणसं आत पाटावर बसली आणि आम्ही दोघं पडवीत पत्रावळीवर. पाणी वरून ओतलं. बाबाचा पितळेचा पेला पडवीच्याच कोनाड्यात असायचा, तो कधी आत जात नसे.

मी विचारलं, "बाबा, तू घरचा, मग आत का नाय जेवत?"

"आत उकडतं गो," तो म्हणाला, आणि माझ्या भातावर आमटी कालवायला लागला.

बाबा त्या घरात कसा गेला ते तो मला मोठ्या हौसेनं सांगायचा. तो माझ्याहून लहान असताना एक साल असं आलं की वरची नाचणी गेली आणि खालचं भातही गेलं. कणगी रिकामी. माझ्या आज्यानं, म्हणजे बाबाच्या बापानं, त्याचं बोट धरलं आणि डोंगर उतरून महाडला नेलं. वकिलांचे वडील तेव्हा घरातले कर्ते होते. त्यांना सगळे मोठे मालक म्हणत. आज्यानं बाबाला त्यांच्या पायावर घातलं आणि म्हणाला, "आजपासून हेच तुझे मायबाप. यांचा शब्द मोडायचा नाय." मग पाठ फिरवून चालू लागला. बाबा म्हणायचा, "बानं मागं वळून बघितलं नाय, म्हंजे रडत असनार तो."

पोराला कुठं ठेवताना आमच्याकडे सगळेच असं म्हणतात. लग्न होऊन सासरी निघालेल्या पोरीला म्हणतात, शाळेत घातलेल्या पोराला मास्तरापुढं उभं करून म्हणतात. म्हणायचं आणि निघायचं. पण माझा बाबा तो असा! त्याला बापानं सांगितलं आणि त्यानं ते मनात धरलं.

मोठ्या मालकांचं म्हातारपणी उजवं अंग गेलं. हात नाही, पाय नाही, तोंड वाकडं झालेलं. वकिलांना कोर्ट होतं, धाकटे चिरंजीव पुण्याला. मालकांचं सगळं बाबाच्या अंगावर आलं. उचलून बसवायचं, घास भरवायचा, घाण काढायची, रोज सकाळी ऊन पाण्यानं अंघोळ घालायची. एरवी बाबाची सावली स्वयंपाकघरात चालत नसे, पण आजाऱ्याला सोवळं-ओवळं नसतं, ही सोय शास्त्रानं करून ठेवलेली होतीच! पाणी तापलं की बाबा आधी कोपर बुडवून बघायचा, मग पहिला तांब्या पायावर ओतून विचारायचा, "पानी बेताचं हाय ना?" मालक मान हलवायचे. मगच पुढचा तांब्या. ते त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की घरी आला तर म्हशीला धुतानाही विचारायचा. आम्ही हसायचो.

मालक वाकड्या तोंडानं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "पोटच्या पोरानं केलं नसतं ते यानं केलं." कौतुकानं म्हणायची ही रीतच. बाबानं तेही मनात धरलं.

मिठाच्या सत्याग्रहाची धामधूम होऊन गेली, त्याच्या पुढच्या थंडीत मोठे मालक गेले. पुढचं मला वकिलीणबाईंनी सांगितलं, आणि हसत हसत सांगितलं. दहाव्या दिवशी सावित्रीच्या घाटावर वकील आणि त्यांचे भाऊ क्षौराला बसले. न्हाव्यानं दोघांच्या डोक्यावरून, तोंडावरून वस्तरा फिरवला. दोघे अंघोळीला नदीत उतरले. तेवढ्यात बाबा पुढं झाला आणि न्हाव्यासमोर उकिडवा बसला. न्हाव्याला वाटलं, घरच्यांनी सांगितलं असेल. त्यानं बाबाचं डोकं केलं आणि मिशी उतरवली.

वकील ओलेत्यानं वर आले, बघतात तर हा. "अरे वेड्या, हे काय केलंस?" ते म्हणाले. "तुला कुणी सांगितलं? गड्याला कसलं सुतक?" घाटावर चार माणसं होती, ती हसली. वकीलही हसले. रागावले नाहीत हो, अजिबात नाही! वकिलीणबाई मला सांगत होत्या, "इतकं वेडं प्रेम त्याचं! आम्ही अजून आठवण काढतो." डोळ्याला पदर लावून हसत होत्या बिचाऱ्या. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यभर 'घरचाच, घरचाच' म्हणून कानीकपाळी ओरडलात आणि घरच्यासारखा वागला तर हसता? पण त्यांच्या घरी उभं राहून हे मी बोलू शकले नाही. आता बोलते.

बिचाऱ्यानं तरी सरळ घरी कशाला यावं! महाडातच राहिला असता, केस वाढू दिले असते, कुणाला कळलं नसतं. पण वकिलांनी त्याला दोन दिवस सुट्टी दिली होती आणि त्याला बापाला भेटायचं होतं.

आमच्याकडे मिशी उतरते ती बाप मेल्यावरच. एरवी कुणाची मिशी नसली तर पोरंसोरंसुद्धा विचारतात, "बाप मेला काय रे तुझा?" तर माझा बाबा दुपारचा अंगणात येऊन उभा राहिला. डोक्याला उपरणं, तोंड उघडं. आई जात्यावर नाचणी दळत होती. तिनं वर बघितलं आणि तिच्या हातून खुंटा सुटला. आजा सकाळीच गवत कापायला वर गेला होता. आईला वाटलं, म्हातारा डोंगरातच पडला, कुणी वाटेत नवऱ्याला गाठून सांगितलं आणि हा तिकडूनच सगळं उरकून आला. दुसरं काय वाटणार? सकाळी गेलेल्या माणसाचं दुपारपर्यंत कसं उरकेल, एवढा विचार करायला भान कुणाला होतं. तिनं छाती पिटून हंबरडा फोडला, "मामा गेलं हो!" झालं. शेजारच्या बाया धावल्या. भावकीतले पुरुष जमले. मीही अंगणात लोळून रडायला लागले. बाबा सगळ्यांना हात जोडून सांगत होता, "बाला काय झालं नाय, बाला काय झालं नाय," पण रडण्याच्या कल्लोळात त्याचं ऐकतो कोण?

आणि वरच्या वाटेनं, डोक्यावर गवताचा भारा घेऊन, आजा आला.

"कोन मेलं?" त्यानं विचारलं.

आईनं पदर तोंडात कोंबला. आज्यानं भारा खाली टाकला, घाम पुसला आणि एकेका तोंडाकडे बघत तो बाबापर्यंत आला. बाबाच्या ओठावर नजर थांबली. क्षणभर मला वाटलं, तो हसेल. आजा हसरा माणूस होता. पण बाबानं तोंड उघडलं आणि खरं ते सांगितलं. मोठे मालक गेले, त्यांच्यासाठी केलं.

आज्यानं आवाज चढवला नाही. तो भावकीकडे वळला. "ऐकलंत? याचा बाप मेला. सावित्रीच्या घाटावर पोचवून आलाय तो त्याला. मी मरंन तवा माझ्या नावानं याच्या तोंडाला वस्तरा लावायचा नाय, आन् याच्या हातात मडकं द्यायचं नाय. सगळ्यांच्या देखत सांगतो." मग पुतण्याकडे, माझ्या चुलत काकाकडे, बोट केलं. "तू दे मला आग."

"बा!" बाबा त्याच्या पायाशी बसला.

आजा पाय काढून घरात गेला.

तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, ते असं. महाडात तो लेक नव्हता आणि वाडीतही राहिला नाही. मिशी काय, महिन्या-दोन महिन्यांत परत आली, पहिल्याहून दाट. पण आज्याचा शब्द काही मागं फिरला नाही. बाबा सणाला घरी यायचा, अंगणाच्या कडेला बसायचा. आजा त्याच्याकडे पाठ करून जेवायचा. आई मध्ये पडायची, रडायची, देवाला कौल लावायची. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशी गत. बाबा कधी उलटून बोलला नाही. उरलंसुरलं खाऊन दुसऱ्या दिवशी पहाटे डोंगर उतरायला लागायचा, आणि मी कुंपणापर्यंत त्याच्या मागं जायची. तो एकच गोष्ट विचारायचा, "बा काय बोलला गो माझ्याबद्दल?" मी खोटं सांगायची की विचारत होता, बरा हायस काय. त्याला ते खोटं आहे हे कळायचं आणि तरी तो खूश व्हायचा.

मग एका उन्हाळ्यात, राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांआधी जमीन भाजायला, फांद्या तोडताना आजा झाडावरून पडला. कंबर गेली. त्याला झोळीत घालून घरी आणला तो पुन्हा उठला नाही. निरोप महाडला गेला आणि बाबा चाकरी सोडून आला. वकिलांनी आडकाठी केली नाही, "बापाला बघ बाबा, तेच खरं" असं म्हणाले. पुढं कळलं, त्याच्या जागी दुसरा गडी ठेवला, आणि तोही म्हणे अगदी घरचाच होता.

आता बापाचं सगळं करायला लेक आला. हातात कसब होतंच. कूस कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, माणसाला न लाजवता त्याची घाण कशी काढायची. आईला तो हातसुद्धा लावू देत नसे. मला वाटलं, आता तरी म्हातारा विरघळेल. कशाचं काय! आजा त्याच्याशी बोलायचाच नाही. मला बाजेशेजारी बसवायचा आणि बाबा तिथंच, हातभर अंतरावर उभा असताना मला म्हणायचा, "गो पोरी, त्या गड्याला सांग, कूस बदलायची हाय."

गडी! एरवी आमच्या वाडीत गडी म्हणजे नुसता पुरुष माणूस, आट्यापाट्यात आपल्या बाजूनं खेळणारा तो आपला गडी. आज्यानं तो शब्द महाडच्या वकिलांसारखा उच्चारला, जाणूनबुजून, तोंड वेंगाडून. आणि बाबा? बाबा म्हणायचा, "जी." मोठ्या मालकांना म्हणायचा तसंच. मी निरोप सांगायच्या आतच त्याचे हात कामाला लागलेले असायचे.

"त्या गड्याला सांग, पेज पातळ कर म्हनावं."

"जी."

"त्या गड्याला सांग, दार लोट."

"जी."

हे रोज. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मी मधे बसलेली. माझा जीव नुसता तळतळायचा. एकदा आईला म्हटलं, "मी नाय बसनार तिथं." आई म्हणाली, "बस गो. तू उठलीस तर दोघांमधी बोलनंच राहनार नाय." तेही खरंच होतं. मी बसले.

एक दिवस मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. सकाळी बाबानं अंघोळीचं पाणी तापवलं होतं, कोपर बुडवून बघितलं होतं, आणि आज्याच्या पायावर पहिला तांब्या ओतून रोजच्यासारखं विचारलं होतं, "पानी बेताचं हाय ना, बा?" आज्यानं रोजच्यासारखंच तोंड फिरवलं होतं. अंघोळ झाली, अंग पुसून झालं, बाबा पेज आणायला चुलीकडे गेला. आजा मला म्हणाला, "त्या गड्याला सांग..."

"तो गडी नाय!" मी ओरडले. "तुझा लेक हाय तो!"

आज्यानं माझ्याकडे बघितलं. "माझा लेक मिशी उतरून मोकळा झाला. मेलेल्याला लेक नसतो."

"मग त्याला 'हेच तुझे मायबाप' असं कोन म्हनालं व्हतं? तूच ना? तूच त्याला तिकडं सोडलंस, तूच सांगितलंस, यांचा शब्द मोडायचा नाय. त्यानं तुझं ऐकलं! तुझं ऐकलं म्हनून असं झालं. त्याचा काय गुन्हा?"

बाबा पेजेची वाटी घेऊन दारात उभा होता. "गप गो," तो म्हणाला.

आज्यानं आढ्याकडे नजर लावली. मला वाटलं, आता शिव्या देणार. तो हळूच म्हणाला, "सगळेच तसं म्हनतात. पोराला सोडताना आनिक काय म्हनायचं असतं?" आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

त्या दिवसापासून 'गडी' हा शब्द त्याच्या तोंडून गेला. पण त्याच्या जागी दुसरा कुठला आला नाही. नुसता हात हलवायचा, बाबा समजून घ्यायचा. माझं बसणं संपलं.

पुढं आज्याचं अन्न तुटलं. अगदी शेवटच्या दिवसांतली गोष्ट. बाबा त्याला अंघोळ घालत होता आणि मी लाकडं सारत होते. पहिला तांब्या पायावर. "पानी बेताचं हाय ना, बा?" आज्यानं ओला हात वर उचलला. फार कष्टानं उचलला. तो हात बाबाच्या ओठावर ठेवला आणि अंगठा मिशीवरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवला, भाताची लोंबी भरली का बघतात तसा. मग "हं" म्हणाला. बस, तेवढंच. बाबाच्या हातातला तांब्या तिरका झाला आणि पाणी जमिनीवर वाहून गेलं. तो लहान पोरासारखा रडत होता. ते मी बघितलं. आई शेतावर होती. दुसऱ्या कुणी बघितलं नाही.

आजा गेला त्या दिवशी चुलत काकानं मडकं धरलं. आज्यानं सगळ्यांदेखत सांगितलेलं होतं आणि मेल्या माणसाचा शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. बाबानं सरणाची लाकडं वाहिली.

दहाव्याला सगळे वाडीखालच्या ओढ्यावर गेले. बायका मागं राहिल्या. मी कळशी भरण्याच्या मिषानं पाठोपाठ गेले. न्हावी पोलादपूरहून आला होता. चुलत काकाचं क्षौर झालं, भावकीतल्या आणखी दोघा-तिघांचं झालं. बाबा बाजूला दगडावर बसला होता, उपरणं काढून, केस मोकळे करून. त्यानं मनात काय धरलं होतं ते मला दिसत होतं. तो उठला आणि न्हाव्यापुढं येऊन उकिडवा बसला, तसाच, जसा सावित्रीच्या घाटावर बसला असेल.

न्हाव्यानं भावकीतल्या वडीलधाऱ्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली. "नाय. म्हाताऱ्यानं सांगून ठेवलंय. याची एकदा उतरलीय."

मी पुढं धावले. "आज्यानं माफ केलंय त्याला! मिशीवरनं हात फिरवला त्याच्या, मी बघितलं! माझ्या डोळ्यांनी बघितलं!"

"काय म्हनाला तुझा आजा?" वडीलधाऱ्यानं विचारलं. तो दुष्टपणानं विचारत नव्हता. ऐकायला तयार होता.

मी काय सांगणार? आजा 'हं' म्हणाला होता. 'हं'चा अर्थ मी चार पुरुषांपुढं कसा लावू? "म्हनाला नाय काय," मी म्हटलं, "पन हात फिरवला. बाबा, सांग ना! तू सांग! तू सांगितलंस तर ऐकतील."

सगळे बाबाकडे बघायला लागले. चुलत काकाही म्हणाला, "बोल की दादा. तसं असंल तर बस तू. माझी ना नाय." वस्तरा न्हाव्याच्या हातात होता. एक शब्द पुरला असता हो! 'हो, फिरवला हात,' एवढं म्हणायचं होतं. त्याच्या बापाचा तो लेक होता, हे सांगायची ती एकच वेळ होती, आणि सांगायचं त्यालाच होतं.

बाबानं मिशीवरून स्वतःचा हात फिरवला. मग तो उठला.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "बानं सांगितलं तसं होऊ द्या. गड्याला कसलं सुतक?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं ते नियम सांगावा तसं सांगितलं, आणि वकिलांनी घाटावर म्हटलं होतं ते शब्द न् शब्द तेच. लेक असतो तो भांडतो. बापाच्या शब्दावर शब्द टाकतो, भावकीशी तंडतो, वस्तरा हिसकावून घेतो. माझ्या बाबाला भांडता येईनासं झालं होतं. लहानपणी बापानं सांगितलं होतं, यांचा शब्द मोडायचा नाय, आणि तेव्हापासून त्यानं कुणाचाच मोडला नव्हता. मी रागानं त्याच्याकडे बघत होते आणि मला रडू आवरत नव्हतं. तो राग अजून गेलेला नाही. कुणावर आहे तेही मला नीट सांगता येत नाही.

ओढ्याच्या काठी तीन दगडांवर पाण्याचं मोठं भांडं चढवलेलं होतं. क्षौर झालेल्या माणसांच्या अंघोळीचं. बाबा तिकडं गेला. लाकडं पुढं सारली, फुंकर घातली. पाणी तापलं तेव्हा बाही वर करून कोपर बुडवून बघितलं. चुलत काका पंचा नेसून दगडावर येऊन बसला होता, तुळतुळीत डोक्याचा, बिनमिशीचा, माझ्या आज्याचा मुलगा झालेला. बाबा तांब्या घेऊन त्याच्यापुढं वाकला. पहिला तांब्या पायावर ओतला.

"पानी बेताचं हाय ना?" त्यानं विचारलं.

काकानं मान हलवली, आणि बाबा दुसरा तांब्या भरायला वळला.